गाय सुखरूप विण्यासाठी वळूची निवड



जळगाव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला पूर्णेचे खोरे आणि मधल्या पट्ट्यात कापूस, तूर, सोयाबीन व संत्र्याच्या बागा. या पिकांचा पैसा वर्षातून एकदा-दोनदाच हाती येतो. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या-पुस्तके, दवाखाना असा रोजचा खर्च भागतो तो दुधावर. म्हणूनच दावणीची एखादी चांगली गाय विताना दगावली तर त्या घराचे नुकसान केवळ गायीच्या किमतीएवढे नसते. घरात रोज येणारा पैसाच बंद होतो.

गाय अडली म्हणजे आपण त्या रात्रीपुरता विचार करतो. वासरू आडवे होते, डॉक्टर उशिरा आले, गाय अशक्त होती, अशी कारणे आपण सांगतो. ती खोटी नसतात. परंतु गाय अडण्याचे एक मोठे कारण त्या रात्रीच्या नऊ महिने आधीच ठरून गेलेले असते. गाय माजावर आली तेव्हा तिला कोणत्या वळूचे रेत भरले, हे ते कारण होय. पेरणी झाल्यावर वाण बदलता येत नाही, तसेच रेतन झाल्यावर वासराचा बाप बदलता येत नाही. या लेखात गाय सुलभ विण्यामध्ये आनुवंशिकतेचा वाटा किती व कसा असतो आणि त्याचा उपयोग आपल्या गोठ्यात कसा करून घ्यावा, याची माहिती दिली आहे.

अडण्याने होणारे नुकसान

गाय अडणे म्हणजे मदतीशिवाय वासरू बाहेर न येणे. ओढून काढलेले वासरू पुष्कळदा मरते, किंवा जगले तरी अशक्त राहते व चीक नीट पीत नाही. अडलेल्या गायीचा जार वेळेवर पडत नाही, गर्भाशयात पू होतो, त्या वेतात दूध कमी मिळते, ती पुन्हा माजावर उशिरा येते आणि आल्यावरही वारंवार उलटते. म्हणजे वासरू निघाले आणि गाय वाचली तरी पुढचे सहा महिने आपण त्या एका रात्रीची किंमत मोजत असतो.

पहिलारू कालवडी मोठ्या गायींपेक्षा दोन ते तीन पट अधिक अडतात. दुसऱ्या वेतापासून हे प्रमाण बरेच कमी होते. नर वासरू मादीपेक्षा साधारण एक ते तीन किलोने जड असल्यामुळे गोऱ्ह्याच्या वेळी गाय अधिक अडते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढील सर्व विवेचन त्यांच्याशी निगडित आहे.

वासराचा आकार आणि वाटेची रुंदी

विण्याच्या वेळी वासराला गायीच्या कंबरेच्या हाडांच्या कमानीतून बाहेर यावे लागते. ही कमान हाडांची असल्यामुळे ती फार ताणली जात नाही. वासरू मोठे व कमान लहान असेल तर गाय अडते. पहिलारू कालवडी अडण्याचे हेच प्रमुख कारण आहे. मोठ्या वयाच्या गायींमध्ये मात्र वासराचे पाय किंवा मान दुमडलेली असणे, जुळे असणे अथवा रक्तातील कॅल्शियम कमी होऊन कळा मंदावणे ही कारणे अधिक आढळतात.

वासराचे जन्मवजन जातीनुसार बदलते. साधारण आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

होल्स्टीन फ्रिजियन : ३८ ते ४२ किलो
जर्सी : २४ ते २७ किलो
गीर : २२ ते २५ किलो
आपल्याकडील लहान चणीची गावरान गाय : १५ ते १८ किलो

वासराचे वजन आईच्या वजनाच्या सुमारे सात टक्के असते, असा ढोबळ हिशोब आहे. ६०० किलोच्या होल्स्टीन गायीला ४० किलोचे वासरू जड नाही. पण २२० किलोच्या गावरान गायीची नेहमीची तयारी १५-१६ किलोच्या वासराची असते. जन्मवजन हा बऱ्यापैकी आनुवंशिक गुण आहे. गर्भ किती दिवस पोटात राहतो हेही बरेचसे आनुवंशिक असते. शेवटच्या दिवसांत होल्स्टीनसारख्या मोठ्या जातीचा गर्भ दररोज ४०० ते ५०० ग्रॅमने वाढतो. एखाद्या वळूची वासरे चार-पाच दिवस जास्त पोटात राहत असतील, तर तेवढ्यानेच दोन किलोचा फरक पडतो.

दोन बापांचा हिशोब

सुलभ विण्याची आनुवंशिकता दोन ठिकाणांहून येते, आणि येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो.

पहिला भाग वासराचा स्वतःचा. वासरू किती मोठे, त्याचे डोके व खांदे किती रुंद, ते पोटात किती दिवस राहणार, हे त्याच्या अंगच्या गुणांवर ठरते. हे गुण निम्मे आईकडून व निम्मे बापाकडून येतात. म्हणजे ज्याचे रेत आपण भरले त्या वळूचा हात येथे असतो.

दुसरा भाग आईचा. तिच्या कंबरेची कमान किती रुंद, पुठ्ठा उतरता की चढता, कळा किती जोराच्या, विण्याआधी सांधेबंध किती सैल होतात, हे गायीचे स्वतःचे गुण आहेत. ते तिला तिच्या आई-बापाकडून मिळालेले असतात. म्हणजे येथे वासराच्या आईच्या बापाचा, वासराच्या आजाचा, हात असतो.

म्हणून वळूची परीक्षा दोन वेळा होते. एकदा त्याची वासरे जन्मताना आणि दुसऱ्यांदा, तीन-चार वर्षांनी, त्याच्या मुली विताना. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला वळू दुसऱ्या परीक्षेत उत्तीर्ण होईलच असे नाही.

आईचा लगाम

लहान गायीला मोठ्या जातीचे रेत भरले तर प्रत्येक वेळी ती अडायलाच हवी. पण तसे होत नाही. गेल्या ५० वर्षांत महाराष्ट्रात गावरान गायींना होल्स्टीन व जर्सीचे रेत मोठ्या प्रमाणावर भरले गेले. पुण्याजवळील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने हे काम खेड्यापाड्यांत नेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ५० टक्के होल्स्टीन, २५ टक्के जर्सी व २५ टक्के गीर रक्ताची फुले त्रिवेणी गाय तयार केली. या सर्व कामात लहान देशी गायींनी संकरित वासरांना सुखरूप जन्म दिला. हे कसे घडले?

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगातून मिळते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे वॉल्टन व हॅमंड या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये शायर या अवाढव्य घोड्याचा आणि शेटलँड या ठेंगण्या तट्टाचा दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्हीकडील शिंगरांचे रक्त सारखेच, निम्मे-निम्मे. परंतु ठेंगण्या आईची शिंगरे जन्मतः लहान भरली व मोठ्या आईची मोठी. आई आपल्या गर्भाशयात गर्भाच्या वाढीला लगाम घालते, असे यावरून सिद्ध झाले.

गायीतही हेच घडते. १६ किलोच्या व ४० किलोच्या जातीचा संकर झाला तर साध्या हिशोबाने वासरू २८ किलोचे भरायला हवे. परंतु देशी आईच्या पोटात ते त्याहून कमी भरते. देशी गायीमध्ये हा लगाम विशेष घट्ट असतो. अमेरिकेत आपल्या गीर, कांकरेज व ओंगोल या गुरांपासून ब्राह्मन नावाची जात तयार झाली. ब्राह्मन गायीला युरोपीय वळू दिला तर वासरे लहान होतात. उलट युरोपीय गायीला ब्राह्मन वळू दिला तर वासरे जड होतात व दिवसही अधिक घेतात, असे तेथे वारंवार दिसून आले आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हा लगाम असला तरी त्याला मर्यादा आहे. लगाम घालूनही संकरित वासरू गावरान गायीच्या नेहमीच्या वासरापेक्षा बरेच मोठे असते. दोन, देशी वळू म्हणजे सुलभ वळू, असे सरसकट समजू नये. होल्स्टीनचे रक्त जास्त असलेल्या कालवडीला गीर किंवा साहिवालचे रेत भरले तर लगाम घालणारी देशी आई तेथे नसते. अशा कालवडीचे दिवस थोडे लांबण्याची तयारी ठेवावी आणि शेवटच्या आठवड्यात अधिक लक्ष द्यावे.

बीज मोठे, अंग लहान

आपल्या भागातील खरी अडचण पहिल्या संकरात नसून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आहे. समजा, गावरान गायीला होल्स्टीनचे रेत भरून ५० टक्क्यांची कालवड झाली. तिला पुन्हा होल्स्टीन भरल्यावर ७५ टक्क्यांची आणि तिसऱ्यांदा भरल्यावर ८७.५ टक्क्यांची कालवड होते. रक्त वाढत गेले, तसे मोठे वासरू तयार करण्याचे बीज वाढत गेले आणि देशी आईचा लगाम सैल होत गेला.

आता या कालवडीचे संगोपन पाहा. उन्हाळ्यात सोयाबीन-तुरीचे कुटार, कोरडा कडबा, कधीमधी सरकीची ढेप आणि हिरवा चारा नावालाच. ज्या कालवडीचे अंग पुरेशा चाऱ्यावर मोठे व्हावयास हवे, ती खुरटते. हाडांच्या कमानीची वाढ खुंटते. परंतु तिच्या पोटातील वासराच्या अंगी असलेले बीज मात्र मोठेच असते. संकरित कपाशीचे बियाणे बरड जमिनीत पेरून खत-पाणी न देण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, कपाशी उत्पन्न कमी देते, कालवड जिवानिशी जाते.

म्हणून वाण निवडताना आपण जशी जमीन व पाणी पाहतो, तसे वळू निवडताना आपली गाय व आपला चारा पाहावा. बारमाही हिरवा चारा देता येत नसेल, तर परदेशी रक्ताचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास ठेवणे विण्याच्या दृष्टीनेही हिताचे आहे. आपल्याकडील कडक उन्हाळा सोसण्याच्या दृष्टीनेही तेच योग्य ठरते.

आनुवंशिकतेचा वाटा किती?

एकाच गावातील १०० गायींच्या विण्यात जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे ५ ते १५ टक्के फरक वासराच्या आनुवंशिक गुणांमुळे असतो. आईच्या आनुवंशिक गुणांचा वाटा बहुधा त्याहूनही थोडा कमी असतो. बाकीचा फरक गायीचे वय, तिचे वजन, खाद्य, वासराचे लिंग, ऋतू आणि विण्याच्या वेळची देखरेख यांमुळे पडतो. दुधाच्या बाबतीत आनुवंशिकतेचा वाटा २५ ते ३० टक्के असतो. त्या मानाने हा गुण कमी आनुवंशिक आहे.

मग वळू निवडण्याचा खटाटोप कशासाठी, असे आपणास वाटेल. याची कारणे दोन आहेत. ५ ते १५ टक्क्यांचा आकडा एकाच जातीतील गायींचा आहे. जाती-जातींमधील फरक याहून पुष्कळ मोठा असतो, आणि जात निवडणे तर आपल्या हाती आहे. दुसरे असे की, एका वळूच्या रेतमात्रा हजारो गायींना भरल्या जातात. हजारो विण्यांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे कोठे चारा चांगला, कोठे वाईट, हे फरक आपोआप मिटतात आणि वळूचा स्वतःचा गुण उघडा पडतो.

एका जनुकाने केवढा फरक पडू शकतो, याचे उदाहरण बेल्जियम देशात पाहावयास मिळते. तेथील बेल्जियन ब्ल्यू ही मांसासाठी पाळली जाणारी जात आहे. तिच्यातील स्नायूंची वाढ आवरणारे जनुक निकामी असल्याचे १९९७ मध्ये शोधून काढण्यात आले. त्यामुळे वासरांच्या मांड्या-पुठ्ठे जन्मतःच इतके भरलेले असतात की, बहुतेक सर्व गायींचे पोट चिरून वासरे काढावी लागतात. दुधाळ जातींत असे एकच जनुक सर्व काही ठरवीत नाही; अनेक जनुकांचा थोडा-थोडा परिणाम एकत्र येतो. होल्स्टीनमध्ये १८ व्या गुणसूत्रावरील एका भागाचा विण्याच्या सुलभतेशी ठळक संबंध आढळला आहे. वासराच्या किंवा लहान वळूच्या रक्ताच्या अथवा केसांच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करून असे गुण लवकर अजमावता येतात.

केवळ लहान वासराच्या मागे लागू नये

येथपर्यंत वाचून आपण म्हणाल, मग दरवेळी लहान वासरे देणाराच वळू घ्यावा म्हणजे झाले. येथेच सावध राहावे. लहान वासरे देणाऱ्या वळूच्या मुली पुष्कळदा मोठेपणीही लहान चणीच्या राहतात, त्यांची कमान अरुंद असते आणि त्या स्वतः विताना अडण्याचा संभव वाढतो. वासराची सुलभता व आईची सुलभता हे दोन गुण थोडेसे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात, असे अनेक देशांच्या नोंदींवरून आढळले आहे. आज सोपे झालेले विणे अशा रीतीने पुढच्या पिढीत अवघड होऊन बसते.

म्हणून ज्या गायीची कालवड आपणास दावणीला ठेवावयाची आहे, तिच्यासाठी वळूचे दोन्ही गुण पाहावेत. पहिलारूच्या वेळी मात्र वासराच्या सुलभतेला अधिक महत्त्व द्यावे, कारण आधी समोरची कालवड वाचली पाहिजे.

वळू निवडताना घ्यावयाची काळजी

१. गावरान, लहान चणीच्या (२५० किलोपेक्षा कमी) गायीला, विशेषतः पहिलारूला, होल्स्टीनचे रेत भरू नये. जर्सी वापरावी, किंवा देशी सुधारणा करावयाची असल्यास गवळाऊ, गीर अथवा साहिवाल वापरावे. गवळाऊ ही तर आपल्या विदर्भाचीच जात आहे.

२. एकदा-दोनदा सुखरूप व्यालेल्या, अंगाने भरलेल्या गायीला होल्स्टीन किंवा होल्स्टीन संकरित वळूचे रेत भरण्यास हरकत नाही.

३. ५० टक्के होल्स्टीन असलेल्या पहिलारूला शुद्ध होल्स्टीनऐवजी जर्सी अथवा सिद्ध संकरित वळूचे रेत द्यावे. म्हणजे वासरूही आटोपशीर राहते व रक्ताचे प्रमाणही हाताबाहेर जात नाही.

४. पहिलारूसाठी लिंगनिश्चित रेतमात्रा मिळत असेल तर तिचा विचार करावा. तिच्यातून सुमारे ९० टक्के कालवडी होतात, आणि कालवड गोऱ्ह्यापेक्षा हलकी असल्याने विणे सोपे जाते. मात्र या रेतमात्रेने गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी असते. म्हणून माज नीट ओळखून योग्य वेळी रेतन करून घ्यावे.

५. बापाचेच रेत लेकीला जाऊ देऊ नये. जवळच्या नात्यात मेलेली व अशक्त वासरे जन्मण्याचे प्रमाण वाढते. गावात मोकळा फिरणारा वळू आपल्याच मुलींना लागतो, हे विसरू नये. रेतनाच्या वेळी कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक व जात वहीत उतरवून घ्यावी. तीन वर्षांनी कालवड माजावर येईल तेव्हा ही एक ओळ कामाला येते.

६. वळूच्या माहितीपत्रकात विण्याच्या सुलभतेचा आकडा दिलेला असेल तर तो कसा वाचावयाचा, हे आधी विचारून घ्यावे. अमेरिकन पत्रकात कालवडींपैकी किती टक्के अडतील, हा आकडा असतो. तेथे आकडा जितका कमी तितका वळू चांगला. युरोपातील बऱ्याच देशांत १०० हा सरासरी आकडा धरतात. तेथे आकडा जितका मोठा तितका वळू चांगला. तसेच वळूच्या वासरांचा आकडा व वळूच्या मुलींचा आकडा असे दोन रकाने असतात. पहिलारूला रेत भरताना पहिला रकाना आणि कालवड राखावयाची असल्यास दुसराही पाहावा.

म्हशींबाबत

पूर्णाकाठच्या गावांत म्हशींची संख्या मोठी आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाथडी म्हशीला २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. म्हशींमध्ये वासरू मोठे असल्यामुळे अडण्यापेक्षा गर्भाशयाला पीळ पडून अडण्याचे प्रमाण अधिक असते. म्हैस अस्वस्थ आहे, उठबस करते, दिवस भरले आहेत, पण पाणमोट दिसत नाही, अशा वेळी वाट पाहू नये. पीळ सोडविण्याचे काम पशुवैद्यकाचेच आहे. येथे वळू निवडीपेक्षा वेळेला महत्त्व आहे.

निवडीला संगोपनाची जोड

आनुवंशिकतेचा वाटा थोडा आणि संगोपनाचा मोठा, हे आपण वर पाहिले. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

कालवड केवळ माजावर आली म्हणून भरू नये. संकरित कालवडीचे वजन २५० किलोच्या आसपास झाल्यावरच रेतन करावे. गावात काटा नसेल तर टेपने वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडाच्या टोकापर्यंत लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोतील अंदाजे वजन. उदाहरणार्थ, घेर ५८ इंच व लांबी ५० इंच असल्यास ५८ × ५८ × ५० = १,६८,२००; त्याला ६६० ने भागल्यास सुमारे २५५ किलो वजन येते. ही कालवड रेतनास योग्य समजावी.

वासरू मोठे होईल या भीतीने गाभण कालवडीचा खुराक तोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती चुकीची आहे. त्याने वासरू थोडे लहान झाले तरी गायीची ताकद जाते, कळा मंदावतात आणि अडण्याचे प्रमाण कमी होत नाही. त्याचप्रमाणे शेवटच्या महिन्यात भरमसाट ढेप घालून कालवडीच्या अंगावर चरबी चढवू नये. वाटेत चरबी साठली तर ती आणखी अरुंद होते. मध्यम अंग, रोज थोडे चालणे, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण हेच योग्य होय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेली गाय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विते. तेव्हा हवा थंड असते आणि रब्बीचा हिरवा चाराही हाताशी येऊ लागतो. भर उन्हाळ्यात विण्यापेक्षा हे गायीला सोपे जाते.

विण्याच्या वेळी पाणमोट दिसल्यानंतर मोठ्या गायीत एक तास व पहिलारूत दोन तासांत प्रगती झाली नाही, तर डॉक्टरांना बोलवावे. दोन पुढचे पाय व त्यांवर टेकलेले तोंड दिसत असेल तर वासरू सरळ आहे. अशा वेळी कळ येईल तेव्हाच, दोन माणसांच्या बळाने, किंचित खालच्या दिशेने ओढावे. कळ थांबली की आपणही थांबावे. बैलजोडी किंवा ट्रॅक्टर लावून ओढण्याने कमान फाटते, गायीचे मागचे पाय कायमचे जातात. हे कदापि करू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

गावाची नोंदवही

परदेशात वळूंच्या सुलभतेचे आकडे तयार झाले ते शेतकऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींवरून. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रत्येक विण्याला पाच पायऱ्यांपैकी एक आकडा द्यावयाचा असतो : (१) आपोआप व्याली, (२) किंचित त्रास झाला, (३) मदत लागली, (४) बरेच बळ लावावे लागले, (५) अत्यंत कठीण, डॉक्टरांची शस्त्रक्रिया.

या आकड्यासमोर तारीख, गायीच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, कितवे वेत, वळूचा क्रमांक, नर की मादी आणि वासरू जगले की नाही, एवढे लिहावे. एका गोठ्यात दोन-तीन गायी असतात, तेवढ्यावरून वळूचा अंदाज येत नाही. परंतु आसलगाव, जामोद, सुनगाव, पिंपळगाव काळे अशा एकेका गावातील दूध उत्पादकांनी मिळून एकच वही ठेवली आणि ती दूध संकलन केंद्रावर टांगली, तर वर्षाकाठी बऱ्याच विण्यांची नोंद होईल. एकाच वळूच्या नावापुढे पहिलारूंमध्ये चार व पाचचे आकडे पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर पुढच्या वेळी रेतन करणाऱ्या डॉक्टरांना वही दाखवून दुसरा वळू मागता येईल. हाताशी वही असली म्हणजे आपली मागणी नुसत्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरते.

बियाणे घेताना आपण पिशवीवरील वाणाचे नाव वाचतो, दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो आणि शेजाऱ्याच्या शेतातील पीकही पाहून येतो. रेतनाच्या वेळी मात्र कांडी कोणती हे न विचारताच आपण गाय धरून उभे राहतो. या वर्षीपासून निदान एवढे करावे : कांडी भरण्यापूर्वी वळूची जात व क्रमांक विचारावा, आपली गाय पहिलारू आहे की अनुभवी, अंगाने लहान की भरलेली, हे सांगावे आणि तिला साजेसा वळू मागावा. पाच मिनिटांच्या या विचारपुशीमुळे नऊ महिन्यांनंतरची एक अवघड रात्र टळू शकते.